इंजिन थांबल्यावर चढणारा पारा

विमानतळावर परतलेलं छोटं सेस्ना १७२ जागेवर उभं राहतं, प्रोपेलर थांबतो, वैमानिक मास्टर स्विच बंद करतो. त्यासरशी समोरचे तापमापकही बंद होतात. आणि इंजिनाभोवतीच्या बंदिस्त जागेतली हवा खरी तापू लागते ती यानंतरच!

अशा विमानांची लायकमिंग इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. समोरून शिरणारी हवा सिलिंडरांच्या माथ्यावर अडवली जाते आणि तिला त्यांच्या पातळ पात्यांमधून खाली उतरणं भाग पडतं. म्हणून उड्डाणात सिलिंडरचा माथा २०० अंश सेल्सियसच्या आसपास राखता येतो. अनेक लायकमिंग इंजिनांसाठी २६० ही कमाल मर्यादा आहे. इंजिन बंद झालं की हा वारा पडतो. सिलिंडर आणि त्यांहून कितीतरी तापलेले एक्झॉस्टचे पाइप मात्र उष्णता सोडतच राहतात. गरम हवा वर चढून काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत साचते, आणि फ्युएल-इंजेक्शनच्या इंजिनांत इंधन वाटून देणाऱ्या बारीक नळ्या नेमक्या तिथेच असतात. आतल्या इंधनाची वाफ झाली, की थोड्या वेळाने पुन्हा निघू पाहणाऱ्याला स्टार्टर फिरवत बसावं लागतं. रबरी नळ्या आणि ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल हा ताप मुकाट सोसतात. त्यांचं आयुष्य घटलेलं लगेच कळतही नाही.

स्वतः विमान बांधणारे हौशी लोक हा ताप मोजायला एक स्वस्त उपाय करतात. ठरावीक तापमानाला कायमची काळी पडणारी चिकटपट्टी ते मॅग्नेटोवर किंवा इंधनपंपावर लावतात. युक्ती सुरेख आहे, पण पट्टी काळी पडली ती चढणीवर की उतरल्यावर, हे कसं ठरवणार? त्यासाठी थर्मोकपल हवं. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे भौतिकशास्त्रज्ञ झेबेक यांच्या १८२१ मधल्या प्रयोगांपासून माहीत आहे. हवेचं तापमान मोजायचं असेल तर हा सांधा एक्झॉस्टच्या थेट समोर उघडा ठेवू नये, नाहीतर त्या पाइपाची धगच मोजली जाते. शिवाय हे तापमान टिपत राहणाऱ्या नोंदयंत्राला स्वतःची बॅटरी हवी. विमानाच्या विजेवर चालणारं यंत्र ऐन मोक्याला बंद पडेल.

विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते. गोंदियासारख्या ठिकाणी शिकाऊ वैमानिकांनी इंजिन थांबल्यानंतरची ही तापमानाची नोंद पाहायलाच हवी, असं मला वाटतं. हा ताप कमी करायला विमान वाऱ्याकडे नाक करून उभं करावं आणि तेल तपासण्याची वरची झडप उघडी ठेवावी. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते. पुढच्या उड्डाणापूर्वी ती झडप आठवणीने लावावी.