चार वर्षांची शिदोरी : अग्निवीर होण्यापूर्वी घरात कोणता हिशेब मांडावा?

मेहकर (प्रतिनिधी) : सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर संसार चालविणाऱ्या मेहकर तालुक्यातील कुटुंबांत मुलगा बारावी झाला, की त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पदवीला प्रवेश घेणे, पोलिस भरतीची तयारी करणे किंवा सैन्यात जाणे. यांपैकी तिसऱ्या वाटेचे स्वरूप 2022 पासून बदलले आहे. पूर्वी जवान म्हणून भरती होणे म्हणजे किमान पंधरा वर्षांची नोकरी आणि त्यानंतर निवृत्तिवेतन, असे समीकरण होते. केंद्र सरकारने 14 जून 2022 रोजी 'अग्निपथ' योजना जाहीर केली आणि जवानांची भरती प्रामुख्याने चार वर्षांसाठी होऊ लागली. त्यामुळे सैन्यसेवेकडे आयुष्यभराची नोकरी म्हणून नव्हे, तर प्रौढ जीवनाची सुरुवात म्हणून पाहणे आवश्यक झाले आहे.

हाती काय पडते?

अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा 30 हजार रुपयांचे वेतन निश्चित करण्यात आले. चौथ्या वर्षी ते 40 हजारांवर जाते. त्यातील 30 टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते. म्हणजे प्रत्यक्ष हातात पहिल्या वर्षी 21 हजार, तर चौथ्या वर्षी 28 हजार रुपये येतात. याशिवाय नियमानुसार भत्ते मिळतात. चार वर्षांत जवानाचे सुमारे 5 लाख 2 हजार रुपये सेवानिधीत जमा होतात आणि सरकार तेवढीच भर घालते. व्याज धरून अखेरीस सुमारे 11 लाख 71 हजार रुपये मिळतात व त्यावर प्राप्तिकर लागत नाही.

निवास, गणवेश व वैद्यकीय उपचार यांची सोय असल्याने सेवाकाळात स्वतःवरील खर्च अल्प असतो. अठराव्या वर्षी भरती झालेला तरुण बाविसाव्या वर्षी ही रक्कम घेऊन परततो. त्याच वयाच्या अनेक तरुणांच्या हाती तेव्हा केवळ पदवी असते, तर काहींच्या डोक्यावर शिकवणी व खोलीभाड्याच्या कर्जाचा भार असतो.

पैशापलीकडचा लाभ

या सेवेचा मोठा लाभ मात्र रुपयांत मोजता येत नाही. पहाटे उठण्यापासून शस्त्राची निगा राखण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला ठरलेली वेळ असते. खेड्यातून गेलेला तरुण वेगवेगळ्या प्रांतांतील सहकाऱ्यांसोबत राहतो, हिंदीत व्यवहार करू लागतो आणि कुटुंबाच्या आधाराविना निर्णय घेण्यास शिकतो. ज्या शाखेत नेमणूक होते, तिच्यानुसार वाहनचालन, दळणवळण वा यंत्रदुरुस्तीचे कौशल्यही अंगी येते.

शिक्षण तुटू नये, अशीही तरतूद आहे. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळविता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या कौशल्याधारित पदवीत 50 टक्के श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. मात्र यासाठी नोंदणी व अभ्यास स्वतः करावा लागतो. तो न केल्यास चार वर्षांनंतरही शिक्षण होते तिथेच राहते.

जोखीम आणि संरक्षण

ही सेवा इतर नोकऱ्यांसारखी नाही, याची जाणीव बुलडाणा जिल्ह्याला आहे. जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते यांना ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्य बजावताना वीरमरण आले. त्यावेळी लष्कराने जाहीर केलेल्या तपशिलानुसार अशा प्रसंगी वारसांना 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधीची रक्कम आणि उर्वरित सेवाकाळाचे वेतन दिले जाते. विम्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. मात्र नियमित जवानाच्या कुटुंबाप्रमाणे कुटुंबनिवृत्तिवेतनाची तरतूद या योजनेत करण्यात आलेली नाही. घरातील ज्येष्ठांनी ही बाब मुलाच्या भरतीपूर्वीच समजून घ्यावी.

चार वर्षांनंतर काय?

प्रत्येक तुकडीतील कमाल 25 टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते व त्यांना आणखी किमान पंधरा वर्षे सेवा करावी लागते. उर्वरितांना निवृत्तिवेतन, उपदान किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दले व आसाम रायफल्समध्ये त्यांच्यासाठी 10 टक्के जागा राखून ठेवण्याची, तसेच वयात सवलत देण्याची घोषणा 2022 मध्ये करण्यात आली. 2022 च्या अखेरीस प्रशिक्षण केंद्रांत दाखल झालेल्या लष्कराच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस पूर्ण होतात. या आरक्षणाची खरी कसोटी तेथून पुढे लागणार आहे. चार वर्षे पूर्ण होण्याआधी स्वेच्छेने सेवा सोडण्याची परवानगी केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळते आणि तेव्हा सरकारचा वाटा हाती पडत नाही.

भरतीची वाट

बुलडाणा जिल्ह्यातील उमेदवारांची भरती छत्रपती संभाजीनगर येथील सैन्य भरती कार्यालयामार्फत होते. जनरल ड्युटी पदासाठी दहावीत एकूण 45 टक्के व प्रत्येक विषयात 33 टक्के गुण लागतात. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा व नंतर मैदानी चाचणी, असा क्रम आहे. 1.6 किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत धावल्यास 60 गुण व दहा पुलअप्स, अर्थात 'बीम' काढल्यास 40 गुण मिळतात. त्यामुळे केवळ धावण्याचा सराव करून भागत नाही. पहिली चाळणी पुस्तकाचीच असते. मुलींसाठी लष्कराच्या मिलिटरी पोलिस विभागात आणि नौदलात संधी उपलब्ध झाली आहे. वयाच्या नेमक्या तारखा त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहाव्यात.

भरतीचा अर्ज भरण्यापूर्वी घरात तीन प्रश्नांची उत्तरे ठरलेली असावीत. सेवाकाळात कोणते शिक्षण पूर्ण करायचे? सेवानिधीची रक्कम कशासाठी राखायची? आणि नियमित सेवेत निवड न झाल्यास बाविसाव्या वर्षी काय करायचे? ती रक्कम लग्नात किंवा मोटारीत संपली, तर चार वर्षांच्या कष्टांचे चीज होणार नाही. शेतीला जोडधंदा, पुढील शिक्षण किंवा दुसऱ्या भरतीची तयारी यांसाठी ती वापरली, तर हीच शिदोरी पुढील आयुष्याला पुरेल.