पेंटबॉलची बंदूक : पंप घ्यावी की सेमी-ऑटोमॅटिक?

पेंटबॉलची बंदूक घेताना बहुतेक जण आधी तिची किंमत विचारतात. खरा खर्च मात्र नंतर, रंगाच्या गोळ्यांवर होतो. पंप बंदुकीत प्रत्येक गोळीआधी हाताने पंप मागे-पुढे करावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप तयार होते. नवखा खेळाडू मग घाबरून चाप ओढतच राहतो आणि गोळ्यांचा डबा बघता बघता रिकामा होतो.

पंप म्हणजे जुनाट, असं समजू नका. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला सामना झाला, तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या पिस्तुलांनी. जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती!

अर्थात समोरचे सगळे सेमी-ऑटोमॅटिक घेऊन उभे असतील, तर पंपवाल्याची दमछाक होते. म्हणून सुरुवातीला मैदानावर भाड्याने मिळणारी सेमी-ऑटोमॅटिक वापरून पाहावी. झाडीत लपून, नेम धरून खेळायला आवडू लागलं तर पंप विकत घ्यावी.

पंपची गोळी हळू लागते, हा मात्र गैरसमज आहे. दोन्हींतून ती सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने सुटू शकते. उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे बंदूक कुठलीही असो, मैदानात असेपर्यंत मास्क काढायचा नाही, काच धुरकटली तरीही.