कोलाज : कात्रणांतून उमटलेले चित्र

स्नेहसंमेलनातील चित्रप्रदर्शनात माझ्या चित्रासमोर उभ्या राहिलेल्या एका मैत्रिणीने दुसरीला हळूच विचारले, "यात हिने काढलंय काय? सगळं तर चिकटवलंय!" प्रश्न अगदी रास्त होता. दीड वर्षापूर्वी मीही तोच विचारला असता. म्हणून वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा कोलाजवरच लिहायचे ठरविले.

'कोलाज' हा शब्द फ्रेंच. चिकटवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. कागद चिकटवून शोभेच्या वस्तू करण्याची हौस जुनीच, पण चित्रकलेच्या पंगतीत तिला पान वाढले गेले ते १९१२ साली. पिकासोने एका लंबगोल स्थिरचित्रात वेताच्या विणीचे छापील मेणकापड चिकटविले आणि चौकट म्हणून भोवती चक्क दोरखंड लावला. म्हणजे खुर्चीचे वेत त्याने रंगविलेही नाही आणि खरे वेत लावलेही नाही. वेताचे छापील सोंग तेवढे आणून बसविले! ही थट्टा मला फार आवडते. त्याच वर्षी ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनात बसविला.

पण माझा जीव जडला तो जर्मनीतील हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सवर. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या सुमारास, त्याने ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाच्या ढलप्या असे टाकाऊ सामान गोळा करून चित्रे रचावयास सुरुवात केली. एका जाहिरातीतील 'कॉमेर्त्स' या शब्दाचा 'मेर्त्स' एवढाच तुकडा चित्रात राहिला, आणि तेच निरर्थक नाव त्याने आपल्या साऱ्या निर्मितीला देऊन टाकले. आपल्याकडचे उदाहरण शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींचे. उतारवयात त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी बोटांनी चाचपून, रंगीत कागद कापून ते चित्रे करीत राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा अनुबोधपट काढला.

आता कृतीकडे वळू. पातळ कागदावर हे चित्र करू नये. खळ लागली की कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि सारे चित्र पापडासारखे वळते. जाड पुठ्ठा घ्यावा आणि त्याच्या पाठीवरही एक साधा कागद चिकटवावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो. मैद्याची खळ स्वस्त, पण तिला कसर लागते. पुस्तकबांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात (ते विषारी आहे, हात धुवावेत). कापडाला फेव्हिकॉल बरा. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, आणि एस.टी.च्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरे तर काही महिन्यांत उडूनच जातात. अशी माझी अकरा तिकिटे आज कोरी झाली आहेत! वरून रंग द्यायचा तर आधी तेलखडू फिरवून मग पाणरंग द्यावा. खडू लागलेल्या जागी पाणी ठरत नाही आणि खालचे छापील अक्षर डोकावत राहते.

मुख्य गोष्ट अशी, की आधी पेन्सिलीने काही काढू नये. तुकडे नुसते मांडावेत, सरकवावेत, पुठ्ठा उलटा फिरवून पाहावा. ज्या तुकड्याकडे हात पुन्हा पुन्हा जातो तो का जातो, हे लगेच विचारू नये. हे ऐकायला सोपे वाटते. मला ते जमले नाही. एकदाच जमले, तेही कागद संपला म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत निळ्या नदीचे चित्र करायला बसले होते. निळा कागद पुरेना म्हणून माळ्यावरचे गाठोडे सोडले. आबा शिंपीकाम करीत. तयार कपड्यांपुढे टिकाव लागेना म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केले. गाठोड्यात चिंध्या, बक्रमचे तुकडे आणि मापांची वही होती. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत. वहीत अक्षरे थोडी, आकडेच फार. उंची २८, छाती ३८, खांदा १७, बाही २३. मी निळी चिंधी लावली, तिच्याशेजारी खाकी, मग शाळेच्या गणवेशाची पांढरी. नदी केव्हा बुजली कळलेच नाही. मधली जागा मात्र कशानेच भरेना. शेवटी वहीतले एक पान फाडले आणि तेथे चिकटविले.

चिकटविल्यावर हात थांबला. पहिल्या वर्षी वर्गात कोणी विचारले की "वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय आहे" असे मी सांगत असे. ते दुसऱ्यांचे कपडे शिवत, हे कधी सांगितले नाही. ते आता पुठ्ठ्याच्या मधोमध, त्यांच्याच अक्षरात, समोर होते.

(मूळ कागद कधी चिकटवू नका. झेरॉक्स काढून ती लावा. मला तेव्हा सुचले नाही.)

संध्याकाळी आबांनी चित्र पाहिले. पान फाडले म्हणून रागावतील या भीतीने मी चुलीपाशीच उभी राहिले. चष्मा लावून, वाकून त्यांनी आकडे वाचले. म्हणाले, "हे पोस्टातल्या भाऊंचं माप. डावा खांदा अर्धा इंच खाली होता त्यांचा." मग नखाने निळ्या चिंधीचा कोपरा उचलला. "हा तुकडा उरेब लावलायस, पोरी. उरेब कापड ताणतं, म्हणून ही सुरकुती. उभा धागा बघावा."

फेव्हिकॉल अजून ओला होता. मी तुकडा अलगद सोडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून धागा पाहिला, किंचित फिरविला आणि अंगठ्याने दाबत दाबत बसविला. त्या चित्रात तेवढ्या एका जागी सुरकुती नाही.