बिल आणि नोट : एक मागणी, एक वचन

व्यापारी कुटुंबात मराठी, गुजराती, मारवाडी वा कानडी अशी कोणतीही भाषा बोलली जात असो, दोन इंग्रजी शब्द त्या घरात कायमचे मुक्कामाला आलेले असतात. एक ‘बिल’ आणि दुसरा ‘नोट’. ‘विजेचे बिल भरले का?’ आणि ‘सुट्ट्या नोटा आहेत का?’ हे प्रश्न इंग्रजीचे एक अक्षरही न शिकलेल्या आजींच्या तोंडीही सहज येतात. परंतु रोजच्या भेटीतील माणूस पुरता ओळखीचा असतोच असे नाही, तसेच या शब्दांचे आहे. दोन्ही कागदाचे, दोन्ही पैशाच्या संगतीत वावरणारे, आणि तरीही एकाऐवजी दुसऱ्यावर सही झाली तर व्यवहाराची दिशाच बदलावी इतके वेगळे. म्हणूनच या जोडीचे कूळ आणि चालचलणूक पाहून ठेवणे हा केवळ भाषेचा छंद नव्हे. ती पेढीचीही गरज आहे.

शब्दांचे कूळ

‘बिल’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘बुल्ला’ या शब्दात आहे. बुल्ला म्हणजे बुडबुडा, गोल वस्तू; पुढे दस्तऐवजाला लावलेली गोल मोहोर. कालांतराने मोहोर लावलेल्या कागदालाच ते नाव मिळाले आणि इंग्रजीत त्याचे ‘बिल’ झाले. पोपच्या आज्ञापत्राला ‘बुल’ म्हणतात, तो शब्द आणि आपल्या परिचयाचे ‘बुलेटिन’ हे याच घराण्यातले. पक्ष्याच्या चोचीलाही इंग्रजीत ‘बिल’च म्हणतात; परंतु तो जुन्या इंग्रजीतील अगदी निराळा शब्द आहे. आडनाव एक म्हणून नाते निघतेच असे नाही, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावयास नको.

‘नोट’चे मूळही लॅटिनच. तेथे ‘नोटा’ म्हणजे खूण, चिन्ह. लक्षात राहावे म्हणून केलेली खूण, त्यावरून टिपण, त्यावरून छोटे पत्र, असा या शब्दाचा प्रवास झाला. पाश्चात्त्य संगीतात स्वर लिहून दाखविण्याच्या चिन्हाला नोट म्हणतात आणि त्यावरून स्वरालाही. सही-शिक्क्यासाठी ज्याच्याकडे जावे लागते तो ‘नोटरी’ही याच धातूचा, मुळात तो भराभर टिपण घेणारा लेखनिक होता.

म्हणजे बिलाच्या पोटी मोहोर आहे आणि नोटेच्या पोटी खूण. मोहोर दुसऱ्याला उद्देशून उठविली जाते, खूण बहुधा स्वतःसाठी केली जाते. पुढील अर्थविस्ताराची किल्ली येथेच सापडते.

बिलाची अनेक रूपे

दुकानदार देतो ते मालाचे बिल, ही झाली सर्वांत घरगुती ओळख. परंतु संसदेत मांडला जातो तोही बिलच. मराठीने त्याला ‘विधेयक’ हे सुरेख नाव दिले. राज्यघटनेच्या ११०व्या अनुच्छेदातील धन विधेयक हे ‘मनी बिल’ होय. ते लोकसभेतच मांडावे लागते आणि राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावे लागते. इंग्लंडमधील १६८९ सालचे आणि अमेरिकेतील १७९१ सालचे ‘बिल ऑफ राइट्स’ हे नागरिकांच्या हक्कांचे दस्तऐवज आहेत. भिंतीवर चिकटविलेली जाहिरात म्हणजेही बिल. हातात दिली तर हँडबिल. खाद्यपदार्थांच्या यादीला जुन्या इंग्रजीत ‘बिल ऑफ फेअर’ म्हणत. एखाद्याला ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’ मिळाले असे म्हणतात, त्यामागे बंदराचा इतिहास आहे. ज्या बंदरातून जहाज निघे, तेथे साथीचा रोग नसल्याचा दाखला कप्तानाजवळ असावा लागे. तोच हा कागद.

आयात-निर्यातीच्या धंद्यात तर बिलांची रांगच लागते. जहाजावर माल चढल्याची पावती आणि त्या मालाच्या मालकीचा कागद म्हणजे ‘बिल ऑफ लेडिंग’. सीमाशुल्क अधिनियम १९६२ नुसार आयात मालासाठी सादर करावयाचे ते ‘बिल ऑफ एंट्री’ आणि निर्यातीसाठीचे ‘शिपिंग बिल’. यांपैकी एकही कागद ग्राहकाकडे पैसे मागत नाही. तो मालाचा तपशील कोणासमोर तरी मांडतो. बिल म्हणजे मागणीच, असा घरगुती समज येथे अपुरा पडतो. समोरच्यापुढे काही मांडणे हा बिलाचा व्यापक स्वभाव. मागणी हा त्यातला सर्वांत परिचित प्रकार.

नोटेची अनेक रूपे

नोटही कमी बहुरूपी नाही. विद्यार्थ्याच्या नोट्स, ग्रंथातील तळटीप, कचेरीतील फाइलवरची टिप्पणी, विमा कंपनीची तात्पुरती ‘कव्हर नोट’, शेअर दलालाने सौद्यानंतर द्यावयाची ‘कॉन्ट्रॅक्ट नोट’, मालाबरोबर जाणारी ‘डिलिव्हरी नोट’ या सर्वांत एकच सूत्र आहे : काय घडले याची नोंद. ‘अ मॅन ऑफ नोट’ म्हणजे ज्याची नोंद घ्यावी असा माणूस. मराठीतील ‘दखल’ हा शब्द या अर्थाला नेमका बसतो.

आणि खिशातील नोट? तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकाला रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. म्हणजे तीही एक नोंदच. फक्त ती नोंद वचनाची आहे. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि असे वचन नसते.

‘द्यावे’ आणि ‘देईन’

या दोन शब्दांतील खरा भेद १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमात स्वच्छ दिसतो. कलम ४ मध्ये प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी आणि कलम ५ मध्ये बिल ऑफ एक्स्चेंज, म्हणजे विनिमयपत्र यांच्या व्याख्या आहेत. वचनचिठ्ठी लिहिणारा म्हणतो, ‘मी देईन.’ विनिमयपत्र लिहिणारा दुसऱ्याला म्हणतो, ‘अमुक व्यक्तीला इतके द्यावे.’ पहिल्यात मुळात दोन पक्ष. दुसऱ्यात लिहिणारा, ज्याला आज्ञा केली तो आणि ज्याला रक्कम मिळावयाची तो, असे तीन. ज्याच्या नावे बिल काढले, तो त्यावर ‘स्वीकारले’ असे लिहून सही करीपर्यंत त्या बिलापुरता बांधला जात नाही. सही केली की मुख्य देणेकरी तोच ठरतो.

आपल्या पूर्वजांना हा भेद इंग्रजी कायद्याने शिकविला नाही. दर्शनी हुंडी दाखविताच देय, मुदती हुंडी ठरलेल्या मुदतीनंतर देय, हे पेढीवरचा उमेदवारही जाणत असे. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ आणि रक्कम चुकती झालेली हुंडी म्हणजे खोखा, अशी नेमकी परिभाषा त्या व्यवहाराजवळ होती. १८८१च्या अधिनियमानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढींना पहिल्याच कलमात मान दिला आहे.

जेथे नावे फसवितात

भाषा मात्र कायद्याच्या शिस्तीने चालत नाही. मालवाहतूकदार देतो त्या ‘बिल्टी’च्या नावात बिलाचा आवाज ऐकू येतो, परंतु जीएसटीच्या भाषेत ती ‘कन्साइनमेंट नोट’ आहे. त्याच ट्रकसोबत पन्नास हजार रुपयांवरील मालासाठी जो कागद लागतो, तो मात्र ‘ई-वे बिल’. अमेरिकेत शिकणारी नात ‘पाच डॉलरचे बिल’ म्हणते तेव्हा आजोबा गोंधळतात. गंमत अशी की, त्याच चलनावर स्पष्ट अक्षरांत ‘फेडरल रिझर्व्ह नोट’ असे छापलेले असते. तेथे हॉटेलात जेवणाचे बिल हवे असल्यास ‘चेक’ मागतात, ही आणखी एक भर. आपल्या सरकारची ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ‘ट्रेझरी बिले’ही नावाने बिल असली तरी वृत्तीने सरकारची वचनेच आहेत. म्हणून शीर्षक वाचून थांबू नये. आतील वाक्य ‘द्यावे’ म्हणते की ‘देईन’, ते पाहावे.

पेढीवर कोठे अडते

पहिली जागा जीएसटीची. माल परत आला, दर अधिक लागला किंवा माल कमी प्रतीचा निघाला, की ‘नवे बिल करून द्या’ असा आग्रह होतो. केंद्रीय जीएसटी अधिनियम २०१७च्या कलम ३४ प्रमाणे अशा वेळी विक्रेत्याने ‘क्रेडिट नोट’ द्यावयाची असते आणि मूळ बिलात रक्कम कमी लागली असेल तर ‘डेबिट नोट’. खरेदीदार आपल्या वहीपुरती डेबिट नोट करीत असला, तरी कलम ३४ मधील दोन्ही नोटा विक्रेत्याच्याच आहेत. क्रेडिट नोटेची नोंद आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत विवरणात दाखविली नाही, तर तेवढा कर विक्रेत्याच्या अंगावर राहतो. तसेच कंपोझिशन योजनेतील व्यापारी कर-बीजक देत नाही, तो ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. त्यावर ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही.

दुसरी जागा मैत्रीची. ‘माल नाही, रक्कम नाही, फक्त बँकेत बिल वटविण्यासाठी तुमची सही हवी,’ असे म्हणून मित्र किंवा आप्त बिल पुढे करतो. सही करणाऱ्याला वाटते, आपण काही घेतलेच नाही. त्या दोघांमध्ये ते खरेही असेल. परंतु ज्या बँकेने मोल देऊन ते बिल घेतले, तिच्यासमोर ही सबब चालत नाही. शब्द टाकणारा मित्र बाजूला राहतो आणि मुदतीच्या दिवशी सही करणाऱ्याचे दार वाजते.

तिसरी जागा कपाटाची. आप्तांना दिलेल्या रकमेची वचनचिठ्ठी अनेक घरांत कापडात गुंडाळून वर्षानुवर्षे जपली जाते. मागणी होताच देय असलेल्या वचनचिठ्ठीवर दावा करण्याची मुदत, मुदत अधिनियम १९६३ नुसार, चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. मागणी केली त्या दिवसापासून नव्हे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी व सहीनिशी कबुली दिली तर ती नव्याने सुरू होते. योग्य मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि इतर पुष्कळ दस्तऐवजांप्रमाणे दंड भरून हा दोष पुढे दूरही करता येत नाही. शिवाय ‘जो कोणी आणेल त्यास’ अशी वचनचिठ्ठी खासगी व्यक्तीला लिहिताच येत नाही. रिझर्व्ह बँक अधिनियम १९३४च्या कलम ३१ ने तो अधिकार रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यापुरताच राखला आहे. संकोचापोटी न मागितलेली कबुली आणि आळसापोटी न लावलेला मुद्रांक यांमुळे रक्कम तर जातेच, पुष्कळदा नातेही जाते.

जेथे दोन्ही शब्द भेटतात

स्वीकारलेल्या बिलाची रक्कम मुदतीला आणि सवलतीच्या तीन दिवसांनंतरही मिळाली नाही, तर धारक नोटरीकडे जाऊ शकतो. नोटरी त्या बिलावर किंवा त्याला जोडलेल्या कागदावर अनादराची तारीख, त्याचे कारण आणि आपले शुल्क लिहितो. कलम ९९ मधील या क्रियेचे नाव ‘नोटिंग’. बिल ‘नोट’ झाले, म्हणजे न पाळलेल्या शब्दाची अधिकृत खूण झाली. जुन्या बाजारात दिवाळे निघण्याइतकीच हुंडी न सकारली जाण्याची लाज वाटे, ती याचसाठी.

घरातील तरुण मंडळी आज मोबाइलवर बिल पाठवितात आणि नोटेला हात न लावता रक्कम चुकती करतात. कागद उद्या उरेल न उरेल. परंतु दुसऱ्याकडे मागणे आणि स्वतः बांधून घेणे यांतील अंतर पडद्यावरही तेवढेच राहील. बोट टेकविण्यापूर्वी किंवा सही करण्यापूर्वी मजकुराचे क्रियापद कोणाला उद्देशून आहे, एवढे पाहण्याची सवय मुलांना लावली, तर हे दोन छोटे शब्द त्यांना पुष्कळ मोठ्या नुकसानीपासून वाचवतील.