गंजिफेचें पान : ओळख व मोल

सांप्रत आमच्या विद्यार्थ्यांस क्रिकेटपटूंचीं चित्रपानें जमविण्याचा व त्यांची अदलाबदल करण्याचा छंद लागला आहे. पालकांस तो पैशाचा अपव्यय वाटतो. आमच्या मतें छंद वाईट नाहीं. मात्र ज्या वस्तूचा संग्रह करावयाचा तिची पारख शिकली पाहिजे. ती पारख शिकण्याजोगी एक वस्तु आपल्याच कोंकणांत आहे. ती म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. सावंतवाडी इ. स. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे.

गंजिफा हा वाटोळ्या पानांचा खेळ होय. बाबर बादशहानें इ. स. १५२७ त सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफेंत ८ रंग व ९६ पानें असतात. दशावतारी गंजिफेंत दर अवताराचा एक असे १० रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतचीं पानें. एकूण पानें १२०. मत्स्याच्या रंगास मासा, कूर्माच्या रंगास कांसव, परशुरामाच्या रंगास परशु. चिन्ह पाहावें व तें मोजावें, म्हणजे पान ओळखतां येतें.

माळ्यावर जुनीं पानें सांपडल्यास चार गोष्टी पाहाव्या. पहिली, पान हातचें कीं छापील? हातानें रंगविलेले दोन मासे तंतोतंत सारखे नसतात. छापील चित्र भिंगाखालीं बहुधा बारीक ठिपक्यांचें दिसतें. दुसरी, घडण. सावंतवाडीचे चितारी कागदावर चिंचोक्याच्या भुकटीचा लेप देऊन तो रंगवितात व वर लाख चढवितात. तिसरी, स्थिति. लाख उडाली आहे काय, कड झिजली आहे काय, कसर लागली आहे काय? असें पान पाण्यानें पुसूं नये व त्यावर नवा रंगही देऊं नये; त्यानें मोल घटतें. चौथी, संख्या. सुट्या पानाचें मोल थोडें, पूर्ण संचाचें फार. दहा नाण्यांपैकीं एक हरवलें म्हणून दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दाखला येथें आठवावा.

केवळ जुनेपणानें किंवा सौंदर्यानें किंमत चढत नाहीं. वस्तु दुर्मिळ असून तिला मागणीही असावी लागते. अमेरिकेंत १९०९ ते १९११ या काळांत सिगारेटच्या पाकिटांतून चेंडूफळीच्या खेळाडूंचीं पानें मिळत. त्यांपैकीं होनस वॅग्नर याच्या पानाची छपाई लवकर बंद पडली. म्हणून त्याची एक प्रत २०२२ त ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस विकली गेली. लाखांनीं छापलेल्या पानास तें भाग्य नाहीं.

सावंतवाडीच्या राजघराण्यानें इ. स. १९७१ पासून राजवाड्यांत ही कला पुन्हां जोपासली. तेथील नवें पान अस्सल कारागिरीचें असतें. परंतु नवें पान जुनें म्हणून विकणें ही लबाडी होय.

पालकांस आमची विनंति कीं, जुना संच मुलांच्या हातीं फोडूं नये, किंवा दारीं आलेल्या फेरीवाल्यास पारख केल्यावांचून देऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, ज्याला मोल कळतें त्यावर जबाबदारीही येते. धाकट्या मुलाचें दुर्मिळ पान त्याच्या अज्ञानाचा लाभ घेऊन साध्या पानावर घेणें ही हुशारी नव्हे. प्रथम त्याला त्याच्या पानाचें मोल सांगावें, मगच सौदा करावा.