मंडपांतलें गाणें घरच्या पडद्यावर

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ सालीं सुरू झालेल्या महोत्सवानें पुणेकरांना थंडीच्या दिवसांत मंडपांत बसून गाणें ऐकण्याची गोडी लाविली. परंतु वय, आजार किंवा अंतर यांमुळें ज्यांना कोणत्याच मंडपापर्यंत जातां येत नाहीं, असे रसिकहि थोडे नाहींत. २०२० सालच्या साथींत मैफलीच बंद पडल्या, तेव्हांपासून घरच्या पडद्यावर थेट गाणें ऐकण्याचा प्रघात वाढला. चित्र बहुधा स्वच्छ येतें. गाणें मात्र पुष्कळदां विहिरींतून आल्यासारखें वाटतें. याचें कारण यंत्रांच्या किंमतीपेक्षां त्यांच्या मांडणींत अधिक आहे.

कॅमेऱ्याच्या अंगचा मायक्रोफोन श्रोत्यांच्या मागें उभा असतो. गवयाच्या स्वरापेक्षां शेजारच्या खुर्चींतील खोकला त्याला जवळचा. स्वर तेथवर पोहोंचेपर्यंत त्यांत छतावरून व भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो. शिवाय आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. कॅमेरा ३४ मीटरांवर असेल, तर तबल्याची थाप तेथें सेकंदाच्या दहाव्या भागानें उशिरां येते. सेकंदास २५ चौकटी धरल्या तर अडीच चौकटींनीं. हात समेवर पडलेला दिसतो, सम मागाहून ऐकूं येते. जाणकारास तें सहन होत नाहीं.

म्हणून आवाज मंचावरूनच तारेनें घ्यावा लागतो. मंडपांतील कर्ण्यांसाठीं मिक्सरवर जो एकत्र आवाज तयार होतो, तोच पुढें पाठविणें हा सोपा मार्ग. पुष्कळ ठिकाणीं एवढ्यावरच भागवितात, आणि तेथेंच फसगत होते. लहान सभागृहांत तबला स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचतो, म्हणून कर्ण्यांत तो थोडाच सोडतात. घरच्या श्रोत्याच्या वांट्याला तेवढाच येतो. खरा उपाय असा कीं, प्रत्येक मायक्रोफोनच्या तारेला दोन फांटे करून एक मंडपाच्या मिक्सरकडे व दुसरा प्रक्षेपणाच्या स्वतंत्र मिक्सरकडे न्यावा. गळा, पेटी, तबला, डग्गा आणि तंबोरा यांना निरनिराळे मायक्रोफोन असावेत. तंबोऱ्याची उपेक्षा सर्रास होते. तो घरीं पोहोंचला नाहीं, तर गवई सुरांत असूनहि श्रोत्याला आधार सांपडत नाहीं.

मायक्रोफोनपासून व्होल्टचे कांहीं सहस्रांशच निघतात. मिक्सरमधून तोच आवाज एक व्होल्टच्या आसपास बाहेर पडतो. मिक्सरची तार मायक्रोफोनच्या खोबणींत घातली कीं आवाज फाटतो. लांब तारा विजेच्या तारांना खेटून गेल्यास ५० आवर्तनांची घरघर त्यांत शिरते. तीन पिनांच्या केबलमध्यें आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट रूपानें जातो. घरघर मात्र दोहोंत सारखी शिरते. शेवटीं एकींतून दुसरी वजा केली म्हणजे घरघर जाते व आवाज उरतो.

तारेनें आलेल्या आवाजाचा दोष निराळाच. अनेक कॅमेऱ्यांचीं चित्रें जुळविणाऱ्या यंत्रांत चित्र कांहीं चौकटी रेंगाळतें, आणि आवाज आधीं पोहोंचतो. तो तेवढाच थोपवावा लागतो. किती, हें पाहण्यास तबलजी हातोडीनें तबला लावीत असतो ती वेळ उत्तम. आवाजाची पातळीहि तेव्हांच ठरवितात, पण गवई त्या वेळीं हलक्या गळ्यानें गातो. तासाभरानें तार षड्जावर तोच गळा कितीतरी मोठा होतो, आणि यंत्राच्या कमाल मर्यादेपलीकडचा स्वर कापला जातो. म्हणून नेहमींची पातळी त्या मर्यादेच्या १८ ते २० डेसिबल खालीं ठेवावी.

श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन मायक्रोफोनहि हवेत, नाहींतर मैफलींतली वाहवा घरीं पोहोंचत नाहीं. ते कर्ण्यांना मात्र जोडूं नयेत. मंडपभर शीळ घुमूं लागेल. आणि एका माणसानें कानांवर बंद हेडफोन चढवून, घरीं जाणारा आवाजच तेवढा शेवटपर्यंत ऐकत बसावें.