कूपरेज : महिंद्रा युनायटेडचे घर

दक्षिण मुंबईत ओव्हल मैदान जिथे संपते त्याच्या पलीकडे, महर्षी कर्वे मार्गालगत आणि मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर कूपरेज हे फुटबॉलचे मैदान आहे. आजूबाजूच्या सरकारी कचेऱ्या आणि उंच इमारतींच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटते. तथापि मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याला या मैदानाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवणारा महाराष्ट्रातील एकमेव संघ, महिंद्रा युनायटेड, याच मैदानाला आपले घर मानत असे. तो संघ २०१० मध्ये बंद झाला आणि मैदान मात्र राहिले, म्हणून या स्थळाचा परिचय त्या संघाच्या हकिकतीशिवाय पुरा होत नाही.

मैदानाच्या नावाचा फुटबॉलशी मुळात काहीही संबंध नाही. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात आणि त्याच्या कारखान्याला कूपरेज. हा कारागीर लाकडाच्या अरुंद फळ्या विस्तवाच्या धगीवर वाकवून कडेला कड जुळवत असे, त्यांच्याभोवती लोखंडी पट्ट्या ठोकून बसवत असे आणि खिळा किंवा सरस न वापरता पिंप गळणार नाही अशी बांधणी साधत असे. शिडाच्या जहाजांवर लांबच्या प्रवासासाठी लागणारे खारवलेले मांस अशाच पिंपांत भरले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा उद्योग या भागात आला. पुढे जहाजे बदलली, पिंपांची गरज संपली आणि कारागीरही गेले, पण त्यांच्या धंद्याचे नाव जागेला चिकटून राहिले.

या नावाला फुटबॉलचा अर्थ मिळाला तो रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे. ब्रिटिश लष्करी पलटणींसाठी १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा बाद पद्धतीची होती, म्हणजे सामना हरलेला संघ तिथेच स्पर्धेबाहेर जात असे. भारतीय संघाला हा चषक जिंकण्यासाठी १९३७ सालापर्यंत वाट पाहावी लागली आणि तो मान बंगळूर मुस्लिम्स या संघाने मिळवला. दरम्यान १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही नियामक संस्था स्थापन झाली होती आणि कालांतराने कूपरेज हे तिच्या कारभाराचे केंद्र बनले. हारवूड लीग ही शहरातील जुनी साखळी स्पर्धा, म्हणजे जिच्यात प्रत्येक संघ इतर संघांशी खेळतो आणि गुणांच्या बेरजेवर विजेता ठरतो अशी स्पर्धा, हीदेखील या मैदानाच्या आठवणींशी जोडलेली आहे. धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या सामायिक निवासांत, राहणारे खलाशी आणि नोकरदार, वांद्रे व वसईकडील ख्रिस्ती वस्त्यांतील तरुण आणि गिरण्या-कारखान्यांतील कामगार हा या मैदानाचा हक्काचा प्रेक्षक होता.

कोलकात्यात मोहन बागान किंवा ईस्ट बंगालसारखे सभासदांचे क्लब रुजले, मुंबईत मात्र फुटबॉल वाढला तो प्रामुख्याने कंपन्यांच्या आणि सरकारी आस्थापनांच्या आश्रयाने. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया असे संघ शहरात नावाजले गेले. कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने तर १९५८ मध्ये रोव्हर्स चषकच पटकावला. अशा संघातील खेळाडू कागदोपत्री त्या आस्थापनेचा कर्मचारी असे, त्याला पगार नोकरीचा मिळे, सरावासाठी सवलत मिळे आणि खेळण्याचे वय सरल्यावरही चरितार्थाची सोय राही. मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतील मुलांना खेळाचा ध्यास धरता आला तो या खात्रीमुळे, आणि ही गोष्ट त्या व्यवस्थेच्या श्रेयाच्या बाजूला ठळकपणे मांडायला हवी.

महिंद्रा अँड महिंद्रा या वाहन उद्योगाने १९६२ मध्ये स्थापन केलेला संघ याच परंपरेतला होता. कंपनीची ओळख जीप गाडीशी निगडित असल्यामुळे संघाला ‘जीपमेन’ हे टोपणनाव पडले आणि लाल गणवेश ही त्याची खूण झाली. अनेक वर्षे शहरापुरता मोठा असलेला हा संघ १९९८ मध्ये डुरँड चषक जिंकून देशाच्या नजरेत भरला. सिमल्यात १८८८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा जगातील अतिशय जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक असल्याने त्या विजयाचे मोल मोठे होते.

त्याआधीच, १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू होऊन भारतीय फुटबॉलची घडी बदलू लागली होती. व्यावसायिक क्लब म्हणजे जिथे खेळाडू ठरावीक मुदतीच्या कराराने बांधला जातो आणि खेळ हाच त्याचा पूर्णवेळ व्यवसाय असतो. अशा क्लबला परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि देशभरातील दौरे यांचा खर्च पेलावा लागतो. कंपनीच्या क्रीडा विभागातून या नव्या रूपात येताना संघाने महिंद्रा युनायटेड हे नाव धारण केले आणि पुढील दहा वर्षांत डुरँड चषक आणखी दोनदा, २००१ आणि २००८ मध्ये, फेडरेशन चषक २००३ आणि २००५ मध्ये, तर कोलकात्याची प्रतिष्ठेची आयएफए शील्ड २००६ आणि २००८ मध्ये जिंकली.

या प्रवासाचे शिखर म्हणजे २००५-०६ चा हंगाम. डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळणाऱ्या संघात ब्राझीलचा जोझे बारेटो आणि घानाचा युसिफ याकुबू हे आघाडीवीर होते, तर बगलेतून वेगाने चेंडू नेणारा स्टीव्हन डायस हा मुंबईतच घडलेला खेळाडू होता. फेडरेशन चषकापाठोपाठ संघाने राष्ट्रीय लीगही जिंकली आणि ईस्ट बंगाल व मोहन बागान या दोन्ही बलाढ्य संघांना मागे टाकले. त्याआधीच्या नऊ हंगामांत हे विजेतेपद कोलकाता, गोवा आणि पंजाबमधील फगवाडा यांच्याबाहेर गेले नव्हते. पुढे २००७ मध्ये एएफसी चषक या आशियाई क्लब स्पर्धेत महिंद्रा युनायटेडने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली.

एवढे कर्तृत्व गाठीशी असलेला संघ २००९-१० च्या हंगामानंतर बंद करण्यात येईल, असे २०१० च्या प्रारंभी जाहीर झाले. व्यावसायिक संघाऐवजी शालेय व तळागाळातील फुटबॉलवर लक्ष केंद्रित करण्याचा मानस कंपनीने व्यक्त केला. या हेतूचा आदर राखूनही एक गोष्ट नमूद करावी लागते : हा संघ मैदानावर हरला म्हणून संपला नाही. डुरँड चषक जिंकल्याला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेल्या फगवाड्याच्या जेसीटीनेही संघ मोडला आणि स्पर्धेला पुरेशी प्रसिद्धी मिळत नसल्याकडे बोट दाखवले. सामन्यांचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण तोकडे, तिकिटांचे उत्पन्न नगण्य आणि खर्च वाढता, अशा स्थितीत संघ चालवणे हा व्यवसाय न राहता मालकाच्या इच्छेचा प्रश्न बनतो. २००७ मध्ये स्थापन झालेला आणि पुढे कूपरेजवर घरचे सामने खेळलेला मुंबई एफसी हा संघही २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेल्यावर टिकला नाही.

क्लब म्हणजे करंडकांचे कपाट नव्हे. बापाने मुलाला बोट धरून ज्याच्या सामन्याला न्यावे आणि त्या मुलाने मोठेपणी आपल्या मुलाला न्यावे, असा तो पिढ्यांचा ठेवा असतो. मुंबईने खेळाडू घडवले, प्रेक्षक दिले, मैदान राखले. परंतु संघाच्या भवितव्यावर सभासद म्हणून ज्यांचा अधिकार चालेल असे नागरिक त्याच्याभोवती उभे राहिले नाहीत. म्हणून निर्णय झाला तेव्हा शहराकडे हळहळीपलीकडे काही उरले नाही. कंपन्यांचा आश्रय हे ज्या फुटबॉलचे बळ होते, तेच त्याचे मर्मस्थान ठरले.

आज कूपरेजवर फिफाच्या साहाय्याने अंथरलेली कृत्रिम हिरवळ आहे. चेंडू जोरात आपटला की तिच्यात मिसळलेले रबराचे काळे कण क्षणभर उडतात आणि पुन्हा पात्यांत बसतात. इथे महिंद्राकडून खेळलेला आणि नंतर मुंबई एफसीचा प्रशिक्षक म्हणून उभा राहिलेला खालिद जमील पुढे २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवून देऊ शकला आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, यावरून त्या संघांत मुरलेले फुटबॉलचे ज्ञान वाया गेले नाही हे दिसते. पिंपे बांधणारे गेले तरी त्यांच्या कारखान्याचे नाव मैदानाने दोनशेहून अधिक वर्षे जपले; महिंद्रा युनायटेडचे नाव मात्र आपोआप टिकणार नाही. शहराला २००६ सालचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाची नोंद या मैदानावर ठळकपणे असायला हवी, म्हणजे इथे सरावाला येणाऱ्या मुलांना आपण कोणाच्या मैदानावर खेळतो आहोत हे कळेल.